आदिवासी ग्रामसभांसोबत विद्यापीठाचा प्रकल्प: को-ऑर्डिनेटरने सुरुवात कुठून करायची?

पळसफूल

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे पण नीट विचारायचंय म्हणून सगळंच सांगते. मी एका विद्यापीठात (पुण्याकडचं समजा) प्रोजेक्ट को-ऑर्डिनेटर म्हणून नुकतीच लागलेय. विषय आहे रानातलं अन्न, म्हणजे कंद, रानभाज्या, मोहफुलं वगैरे आणि त्यांचं पोषणमूल्य, आणि काम करायचंय गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा आणि भामरागड तालुक्यांतल्या गोंड आणि माडिया गावांमध्ये. फंडिंग मंजूर झालंय, मुदत दोन वर्षं, एका परदेशी विद्यापीठाशी टायअप पण आहे. प्रपोजलमध्ये पानोपानी 'समुदायाच्या भागीदारीने' असं लिहिलंय पण खरं सांगायचं तर गावात अजून आमच्यापैकी कोणी पाय ठेवलेला नाही, आणि मला ते शब्द नुसते कागदावर राहिलेले नकोयत.

आता अडचणी. परवानगी कोणाची घ्यायची? ऑफिसमधले म्हणतात सरपंचाचं पत्र आणलं की झालं. एथिक्स कमिटीला प्रत्येक माणसाची सही असलेला चार पानी फॉर्म हवाय, मराठीत, आणि तिथे अनेक घरांत माडिया बोलतात. सरांचं म्हणणं की मे महिन्यात सुट्टी असते, विद्यार्थी मोकळे असतात, तेव्हाच जाऊन सगळा डेटा आणि सॅम्पल उरकून घ्या. गावातल्या लोकांना त्यांच्या वेळेचे पैसे द्यायचे तर बजेटमध्ये 'फील्ड असिस्टंट' एवढा एकच हेड आहे. आणि परदेशातल्या टीमला सगळा कच्चा डेटा ओपन रिपॉझिटरीवर (कोणालाही बघता येणाऱ्या ऑनलाइन साठ्यावर) टाकायचाय, त्यात कोणत्या गावात कोणतं झाड कशासाठी वापरतात हेही येणार, ते मला बरं वाटत नाहीये पण नेमकं काय म्हणून अडवायचं ते सुचत नाही. ज्यांनी असं काम जवळून पाहिलंय त्यांनी प्लीज सांगा.

---

झाडीपट्टी

ताई, आधी मे महिना कॅलेंडरमधून काढा. मे म्हणजे तेंदू, विडीच्या पानांचा हंगाम. पहाटे अंधारातच सगळं घर जंगलात, म्हातारी माणसं आणि पोरं सुद्धा, दुपारी घरी येऊन सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर (पानं गोळा करायच्या केंद्रावर) नेऊन मोजून द्यायचे, हे पंधरा-वीस दिवस चालतं आणि वर्षाच्या रोख पैशाचा मोठा वाटा त्यातच येतो. त्या दिवसांत तुम्ही प्रश्नावली घेऊन दारात उभे राहिलात तर लोक चहा देतील, नाही म्हणणार नाहीत, पण उत्तरं कशी मिळतील ते तुम्हीच बघा. त्याच्या आधी मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, जून-जुलैत पेरणी-रोवणी, दिवाळीच्या पुढेमागे धान कापणी. मोकळे दिवस असतात पण ते गावाला विचारूनच कळतात.

आणि तुमच्या विषयाला तर मे चालतच नाही ना! तरोट्याची भाजी, वास्ते (बांबूचे कोंब), सात्या (रानातली अळिंबी), हे सगळं पावसाबरोबर येतं. ऐन पावसाळ्यात घरातलं धान संपत आलेलं असतं, तेव्हाच रानातल्या खाण्याला खरी किंमत. आणि त्याच दिवसांत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड बाहेरच्या जगापासून तुटतं, पुण्याहून कोणी येऊच शकत नाही. म्हणजे ते सॅम्पल गोळा करणारा माणूस गावातलाच लागणार, वजनकाटा, पिशव्या, वही त्याच्याकडे असणार, नोंद तोच करणार. तुमच्या प्रपोजलमधली भागीदारी इथून सुरू होते बघा, तुमचं शास्त्रच त्याशिवाय उभं राहत नाही.

परवानगीचं. सरपंचाच्या पत्राने भागत नाही. तिथे ग्रामपंचायत ही चार-पाच गावं-टोल्यांची (वस्त्यांची) मिळून असते, आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा कायदा) आणि वनहक्क कायदा (२००६) यांच्या हिशेबाने ग्रामसभा म्हणजे त्या एका गावाची, टोल्याची सभा. आपल्या रूढी, सांस्कृतिक ओळख, सामूहिक साधनं यांचं रक्षण करायचा अधिकार पेसाने त्या सभेला दिलाय. वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट) मध्ये तर जैवविविधता आणि पारंपरिक ज्ञान याबाबतचा सामूहिक बौद्धिक संपदेचा हक्क सरळ लिहिलेला आहे (इंग्रजी प्रतीत ते ३(१)(के) आहे, तुमच्या सरांना ते दाखवा). परदेशी टीमला काय म्हणून अडवायचं विचारलंत ना, हे म्हणून अडवायचं. ग्रामसभेचा ठराव लागेल, प्रोसिडिंग बुकात लिहिलेला, आणि तोही अर्ध्या तासात सह्या गोळा करून नाही.

मेंढा (लेखा) तुमच्या धानोरा तालुक्यातच आहे. देशात सामूहिक वनहक्क मिळालेल्या पहिल्या गावांपैकी एक, २००९ साली, सुमारे १८०० हेक्टर जंगल. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तुम्ही ऐकली असेल, पण माझ्या मते तिथून शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे अभ्यासगट. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या बरोबरीने गावाने ही सवय लावून घेतली, एखादा विषय असला की ज्यांना रस आहे ते बसतात, बाहेरचा जाणकार पण त्यात बसू शकतो, बोलू शकतो, माहिती देऊ शकतो, निर्णय मात्र ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने, बहुमताने नाही. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या सभेला जातो. विद्यापीठाच्या माणसाला हे फार सावकाश वाटतं, पण एकदा ठरलं की मग अख्खं गाव ते काम आपलं म्हणून करतं. तुम्ही पहिल्या वर्षाचे पहिले काही महिने यालाच ठेवा, प्रगती अहवालात तसंच लिहा, लाजायचं काही कारण नाही.

आणि जिल्ह्यातच बघायचं तर 'सर्च' या आरोग्यसंस्थेचं काम बघा. बंग डॉक्टरांचा घरोघरी नवजात बाळाच्या काळजीचा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला, ३९ गावांत काम आणि ४७ गावं तुलनेला, आणि बाळाचा श्वास मोजणारी, वजन घेणारी, नोंद ठेवणारी बाई त्या त्या गावातलीच होती, कमी शिकलेली. आमच्या बायकांच्या हातची नोंद जगातल्या नावाजलेल्या मासिकाला चालते, हे तुमच्या कमिटीत कोणी शंका काढली तर सांगा.

---

गोटुल

मी एटापल्ली तालुक्यातला, माडिया. आमच्या ग्रामसभेच्या हिशेबाचं काम मी आणि अजून काही पोरं बघतो. झाडीपट्टी दादांनी बरंच सांगितलं, मी गावाच्या बाजूने सांगतो.

आमच्याकडे लोक येतात. उंची-वजन घेतात, रक्त घेतात, घरात काय खाता विचारतात, फोटो काढतात आणि जातात. परत कोणी येत नाही. दुसऱ्या वर्षी दुसरं कॉलेज तेच प्रश्न घेऊन येतं. माझ्या आजीला कोणी विचारलं तर ती आता ठरलेलीच उत्तरं देते, लवकर संपावं म्हणून. म्हणून ताई, तुम्ही आल्यावर पहिल्या सभेत तुमचा विषय सांगूच नका म्हणतो मी, म्हणजे सांगा पण थोडक्यात, आणि मग विचारा की तुम्हाला रानातल्या खाण्याबद्दल काय जाणून घ्यायचंय. आमच्या गावात विचारलं तर बायका हेच म्हणतील की अमुक कंद आता जवळ मिळत नाही, लांब जावं लागतं, का झालं असं. आणि पोरं म्हणतील मोहफुलाला भाव मिळत नाही. हे तुमच्या प्रपोजलमध्ये नसेल पण ते बसवता येतं का बघा. बसलं तर लोक तुमचं कामही मनापासून करतील.

कडू कंदाचंच सांगतो. तो कच्चा तर खाताच येत नाही, घशाला लागतो, जास्त झालं तर माणूस आजारी पडतो. तो सोलून पातळ काप करायचे, राख घालून उकडायचे, मग टोपलीत भरून वाहत्या पाण्यात ठेवायचे, किती वेळ ठेवायचे ते पाण्याच्या ओढीवर आणि कंद कोणत्या महिन्यातला आहे त्यावर, बाई हातात घेऊन, जिभेला लावून सांगते झाला की नाही. आता तुम्ही हा कंद खणून थेट लॅबमध्ये नेला तर तुमच्या तक्त्यात जे येईल ते आम्ही खातच नाही! ते काप पाण्यातून काढल्यावरचं सॅम्पल घ्यायला हवं, आणि ते कधी काढायचं हे ज्या बाईला कळतं ती तुमच्या प्रकल्पातली तज्ज्ञ आहे. तिला 'माहिती देणारी' म्हणू नका, पेपरवर नाव यायला हवं, तिचं नको असेल तर ग्रामसभेचं यावं.

बायकांशी वेगळं बसा. सभेत त्या असतात, कायद्याने कोरमलाही लागतात, पण सभेत बोलणं पुरुषांचंच जास्त होतं आणि रानातल्या खाण्याचं अर्ध्याहून जास्त ज्ञान त्यांच्याकडे आहे. तुमच्या टीममध्ये माडिया बोलणारी मुलगी घ्या, आता आमच्याकडे बारावी झालेल्या, बीए झालेल्या मुली आहेत, त्यांना काम नाही.

आणि सगळंच सांगितलं जाणार नाही हे धरून चाला. काही झाडपाला फक्त पुजारी, वैदू यांच्याकडे असतो, काही जागा देवाच्या असतात. तिथे 'नाही' म्हटलं की वही मिटायची. काय छापायचं, काय गावातच ठेवायचं हे छापण्याआधी सभेत वाचून दाखवा. आम्हाला इंग्रजी पेपरची झेरॉक्स नको, माडियात रेकॉर्ड करून द्या, मोबाईलवर सगळे ऐकतात.

---

लेखाशाखा

मी विद्यापीठाच्या फायनान्स विभागात आहे, अनेक वर्षं संशोधन प्रकल्पांचेच हिशेब बघतोय. या धाग्यात मला बोलायलाच हवं कारण भागीदारी मोडते ती बहुतेक वेळा आमच्या टेबलावर. चांगल्या मनाचे प्राध्यापक असतात, गावात शब्द देऊन येतात आणि मग बिल सहा महिने पडून राहतं कारण पक्की पावती नाही, व्हेंडर रजिस्ट्रेशन नाही. गावातल्या माणसाला यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही, त्याला एवढंच दिसतं की पैसे देतो म्हणाले आणि दिले नाहीत.

त्यामुळे मॅडम, पैशाचं आजच बघा. गडचिरोलीतल्या पुष्कळ ग्रामसभा तेंदू-बांबूचा लिलाव स्वतः करतात, त्यांचं बँक खातं असतं, पॅन असतं, हिशेब ठेवायची सवय आहे. म्हणजे त्यांना मजूर पुरवणारे म्हणून न दाखवता सहयोगी संस्था म्हणून दाखवता येतं. विद्यापीठ आणि ग्रामसभा यांच्यात करार करा, त्यात कामाचे टप्पे आणि रक्कम लिहा, पहिला हप्ता काम सुरू व्हायच्या आधी. हेड एकच असेल तर फंडिंग एजन्सीला पुनर्विनियोजनाचं (एका हेडचे पैसे दुसऱ्या हेडवर वळवण्याचं) पत्र आत्ताच पाठवा, सुरुवातीला विचारलं तर सहसा होतं, शेवटच्या तिमाहीत विचारलं तर नाही होत. पत्रात कारण स्पष्ट लिहा, पावसाळ्यात सॅम्पल फक्त स्थानिक माणूसच घेऊ शकतो हे वर आलंय ते फारच चांगलं कारण आहे, कोणताही रिव्ह्यूअर मान्य करेल.

सभेला लोक येतात तेव्हा त्यांचा दिवस बुडतो. चहा-नाश्ता आकस्मिक खर्चात बसतो, पण मजुरी बुडाल्याची भरपाई कुठे टाकायची हे आधी लिहून घ्या, 'सामुदायिक बैठक खर्च' असा वेगळा उपहेड मागा. जाणकार बायकांना मानधन द्यायचं तर ते तज्ज्ञ म्हणूनच द्या, विद्यापीठात व्याख्यान द्यायला येणाऱ्या पाहुण्याला देतो तसंच, फॉर्म पण तोच वापरा. मी स्वतः असे फॉर्म पास केलेत, ऑडिटने काही काढलं नाही. सही ऐवजी अंगठा असेल तर साक्षीदाराची सही घ्या, एवढंच. आणि पैसे व्यक्तीला द्यायचे की ग्रामसभेच्या खात्यात, हे तुम्ही ठरवू नका, सभेलाच ठरवू द्या.

---

सस्काटूनकर

मी मूळची नागपूरची, आता कॅनडात एका विद्यापीठात याच प्रकारचं समन्वयाचं काम करते, इथल्या फर्स्ट नेशन्स, म्हणजे मूलनिवासी समुदायांबरोबर. इथलं सगळं तिकडे जसंच्या तसं लागू होत नाही, इथे करार (ट्रीटी) आहेत, बँड कौन्सिल (समुदायांची स्वतःची कारभारी मंडळं) आहेत, पण काही गोष्टी उपयोगी पडतील म्हणून लिहिते.

इथे १९९८ पासून फर्स्ट नेशन्सनी स्वतःच्या डेटासाठी एक चौकट धरलीय, ओकॅप म्हणतात, मालकी, नियंत्रण, बघण्याचा हक्क आणि ताबा, चारही समुदायाकडे. सरकारी निधीवर चालणाऱ्या संशोधनासाठी जी राष्ट्रीय नीती-नियमावली आहे तिच्यात २०१० पासून मूलनिवासी समुदायांसाठी अख्खं वेगळं प्रकरण आहे, आणि त्याचा गाभा हाच की समुदायाशी बोलणं हे संशोधनाच्या आराखड्याच्या आधी सुरू व्हायला हवं. ओपन डेटावाल्यांसाठी २०१९ मध्ये 'केअर' तत्त्वं आली, मूलनिवासींच्या डेटावर त्यांचा अधिकार राहावा आणि त्यातून त्यांचं भलं व्हावं म्हणून, ती मुद्दाम ओपन डेटाच्या नियमांना जोड म्हणूनच आहेत. तुमच्या परदेशी टीमला ती नक्की माहीत असणार, त्यांच्याच भाषेत त्यांना विचारा की आपल्या प्रकल्पात केअर कसं पाळणार आहोत. डेटा ओपन करायचा म्हणजे सगळाच करायचा असं नाही, पोषणाचे आकडे खुले ठेवा, गावाचं नाव, जीपीएस, औषधी वापर हे ग्रामसभेच्या परवानगीशिवाय मिळणार नाही असं ठेवता येतं, बऱ्याच रिपॉझिटरीत तशी सोय असते.

हे का महत्त्वाचं ते हवासुपाई लोकांच्या केसवरून कळतं. अमेरिकेत अॅरिझोनात ग्रँड कॅन्यनमध्ये राहणारा छोटा समुदाय, त्यांच्यात मधुमेह फार, म्हणून १९९० च्या सुमाराला त्यांनी अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीला रक्त दिलं. नंतर कळलं की तेच रक्त स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यातली लग्नं, पूर्वज कुठून आले अशा अभ्यासांनाही वापरलं. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ते त्या दरीतलेच, आणि पेपर सांगत होते की आशियातून आले. कोर्टात गेलं, २०१० मध्ये ७ लाख डॉलरवर तडजोड झाली आणि उरलेलं रक्त परत दिलं. तेव्हा सह्या होत्या ना, फॉर्मही होता! पण लोक सही करताना मधुमेह समजून करत होते. म्हणून तुमच्या करारात हे एक वाक्य हवंच, की या सॅम्पलचा, या डेटाचा दुसरा कोणताही वापर करायचा तर परत ग्रामसभेत यायचं.

भारतातलं उदाहरण केरळातल्या काणी लोकांचं. १९८७ मध्ये अगस्त्य डोंगरात संशोधकांबरोबर वाटाडे म्हणून गेलेले काणी एक फळ खात होते, थकवा येत नव्हता, त्यावरून तिरुवनंतपुरमच्या वनस्पती उद्यान संस्थेने 'जीवनी' नावाचं औषध बनवलं, १९९५ मध्ये १० लाख रुपयांना परवाना दिला आणि परवाना शुल्क आणि रॉयल्टीचा निम्मा वाटा काणींना देण्याचं ठरवलं. जगभर कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण ज्ञान सांगितलं दोघा-तिघांनी, काणी मात्र वेगवेगळ्या भागांत पसरलेले, काहींनी म्हटलं आम्हाला विचारलंच नाही, आणि पैसे ठेवायला ट्रस्ट झाला तो १९९७ मध्ये, म्हणजे परवान्यानंतर. तुमच्याकडे पण तेच होऊ शकतं, एका गावाने हो म्हटलं पण तो कंद तर शेजारच्या दहा गावांतही खातात. इलाख्याच्या (आसपासच्या अनेक गावांच्या पट्ट्याच्या) पातळीवर बोलायची काही सोय आहे का तिकडे?

---

झाडीपट्टी

@सस्काटूनकर ताई, आहे ना. पारंपरिक इलाखे आहेतच, आणि कोरची तालुक्यात तर ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केलीय. एका गावाच्या ठरावानंतर इलाख्याच्या बैठकीत विषय मांडायचा, तिथे लोक आपणहून विचारतात. पळसफूल ताई, गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीतच आहे, २०११ पासून, त्यांना सोबत घेतलं तर तुमच्या सॅम्पलला पुण्याला न्यायच्या आधी ठेवायला जागा पण मिळेल आणि तिथली पोरं पण मिळतील.

---

पळसफूल

किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. हे सगळं छापून सरांसमोर ठेवलं. कडू कंदाचा मुद्दा वाचल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले सॅम्पलिंगचा आराखडा परत लिहू. मे रद्द. पुनर्विनियोजनाचं पत्र तयार करतेय, लेखाशाखा सर, मसुदा तुम्हाला दाखवला तर चालेल का?

दोन गोष्टी अजून अडकल्यात. एथिक्स कमिटी म्हणते ग्रामसभेचा ठराव असला तरी माणशी सही हवीच, आणि परदेशी टीम म्हणते सॅम्पल आमच्या लॅबला पाठवा.

---

सस्काटूनकर

पहिल्यात कमिटी बरोबर आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये हेच आहे, समुदायाची परवानगी वेगळी आणि व्यक्तीची संमती वेगळी, एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही. गावाने हो म्हटलं म्हणून एखाद्या बाईला नाही म्हणता येऊ नये असं व्हायला नको. पण सहीचाच हट्ट नाही त्यात, वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदारासमोर समजावून अंगठा चालतो, आणि कमिटीने मान्य केलं तर तोंडी संमती रेकॉर्ड करून पण घेता येते. चार पानांचं दोन मिनिटांचं माडिया रेकॉर्डिंग करा, त्याचं परत मराठीत भाषांतर करून ते कमिटीला द्या.

दुसऱ्यात घाई अजिबात नको. जैविक विविधता कायद्यानुसार (२००२ चा, २०२३ मध्ये दुरुस्ती झालेला) परदेशी संस्थेला भारतातलं जैविक साहित्य किंवा त्याबद्दलचं ज्ञान मिळवायला चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते, केंद्र सरकारच्या नियमांत बसणाऱ्या मान्यताप्राप्त सहयोगी प्रकल्पांना सूट आहे पण तुमचा त्यात बसतो का हे विद्यापीठाकडून लेखी घ्या. त्यापेक्षा तपासण्या भारतातच करा, हैदराबादला राष्ट्रीय पोषण संस्था आहे, अन्नघटकांचं काम त्यांच्याइतकं कोणाचं नाही.

---

लेखाशाखा

मसुदा पाठवा, जरूर बघतो. हैदराबादला तपासणी करायची तर तिचे दर आधी मागवून त्याच पत्रात टाका, दोनदा पत्रव्यवहार नको.

---

गोटुल

ताई, रेकॉर्डिंग करणार असाल तर भामरागडकडची माडिया आणि धानोऱ्याकडची गोंडी यात फरक आहे, दोन वेगळी करा. धानोऱ्याकडचं मला नीट जमणार नाही, तिकडचं माणूस शोधून देतो. भामरागडकडचं आम्ही बसून करून देऊ, फॉर्म आधी मराठीत साध्या भाषेत पाठवा, त्यातलं काय समजत नाही ते आमच्या आयांना वाचून दाखवतो आणि तुम्हाला कळवतो. धान कापणी झाली की या, तेव्हा सभेला माणसं भेटतात.

---

पळसफूल

फॉर्म या आठवड्यात पाठवते. कापणीनंतरच्या तारखा तुम्हीच सांगा, आम्ही तिकिटं त्यावरून काढू.